माझंच ऑपरेशन ठरलंय, सहा आठवडे बायकोला उचलायचं नाही. यातून कुणी गेलंय का?

गिरणीवाला | गुरुवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथे नेहमी नुसतं वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. कर्वेनगरला माझी पिठाची गिरणी आहे. मागे दोन खोल्या, तिथेच आम्ही राहतो. मी ४९, बायको ४६, मुलगी अकरावीत, आई ७८.

बायकोला चौदा वर्षांपासून एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "एमएस म्हणजे धोनीसारखं?" तेव्हापासून घरात आजाराचं नाव धोनीच पडलंय. "आज धोनी फॉर्मात आहे" म्हणजे दिवस वाईट, कुणी फार प्रश्न विचारायचे नाहीत.

सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. लाल साडी विटकरी दिसते म्हणाली, डोळा फिरवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर बदलून घेतला, दोन महिने त्यात गेले, मग एमआरआय. इंटरफेरॉनची इंजेक्शनं झाली, आता दर सहा महिन्यांनी सलाईनमधून रिटुक्सिमॅब. पूर्वी झटका यायचा, म्हणजे त्रास एकदम उसळायचा, स्टेरॉइड दिली की बऱ्यापैकी ओसरायचा. चार वर्षांत झटका नाही, पण पाय हळूहळू जात चाललेत. डॉक्टर याला सेकंडरी प्रोग्रेसिव्ह म्हणतात. आता उभं राहता येत नाही. हात चालतात, उजवा थरथरतो. डोकं माझ्यापेक्षा दुप्पट चालतं. गिरणीचा हिशेब, उधारीची वही, विजेचं बिल सगळं तिच्याकडे.

आता माझं. उजव्या जांघेत हर्निया. दोन वर्षं शिंक आली की हाताने दाबून धरतोय. गेल्या आठवड्यात सर्जन म्हणाले, आता जाळी बसवायलाच हवी. एक रात्र दवाखान्यात, पुढे सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. "तुम्ही दिवसभरात काय काय उचलता?" मी सांगितलं, दहा किलोचे डबे, सीझनला ऐंशी-नव्वद. आणि बायको, ५८ किलो, दिवसातून आठ वेळा. डॉक्टरांनी पेनच खाली ठेवलं.

आठ हा आकडा मी अंदाजाने नाही लिहिला. घरी येऊन बोटांवर मोजला. पलंग ते कमोडची खुर्ची, तिथून मोरीतलं स्टूल, स्टूलवरून व्हीलचेअर, दुपारी पुन्हा पलंग, असं रात्रीपर्यंत. मी वाकतो, ती हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवते, दोन्ही हात मानेमागे घेते. एक-दोन-तीन आम्ही म्हणत नाही. ती "हं" म्हणते आणि मी उचलतो. नंतर तिच्या गालाला माझ्या शर्टाचं पीठ लागलेलं असतं, ते ती पदराने पुसते.

गिरणी महिनाभर बंद ठेवता येईल, किंवा एखादा पोरगा मिळेल. तिचं काय? आईच्याने होणार नाही. मुलगी तयार आहे, पण तिला मला त्यात घालायचं नाही. मेहुणी साताऱ्याला, तिच्या घरी तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. दिवसरात्र बाई ठेवायची तर एका ब्यूरोने महिन्याला २६ हजार सांगितले. एवढ्यात बाई उचलणार का, विचारलं तर "बघू" म्हणाले. पाच-सहा आठवडे ठेवून घेणारी एखादी चांगली जागा पुण्यात कुणी पाहिली आहे का? बायकोला मी अजून तारखेचं बोललेलो नाही. "पुढच्या वर्षी बघू असं डॉक्टर म्हणाले" असं सांगून ठेवलंय. माझ्या मनात होतं की सगळी सोय लागली की मग सांगावं.

आत्या५८ | शुक्रवार, सकाळी ६.०५

दादा, आधी एक सांगते, बाकीचं नंतर. गाठ आत जाईनाशी झाली, घट्ट लागली, दुखून उलटी झाली, तर रात्रीचे दोन असोत, तडक दवाखाना गाठायचा. आतडं अडकलं की सहा तासही फार होतात. उद्या बघू म्हणायचं नाही. मुलीला आणि शेजाऱ्यांना हे आजच सांगून ठेवा.

माझ्या धाकट्या भावाला एमएस होता, अकरा वर्षं मी केलं. ब्यूरोच्या बायका-माणसांचा अनुभव भरपूर. पहिला मुलगा तिसऱ्या दिवशी चार्जरसकट गायब. दुसरा कानात वायरी घालून बसायचा, भावाने हाक मारली की मीच स्वयंपाकघरातून धावायची. मग वर्षभर गाडी घसरत चालली. शेवटी भोरकडचा एक पन्नाशीचा गृहस्थ मिळाला. त्याच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एवढ्या वर्षांत अक्कल आली ती ही की, बाई ऑपरेशनच्या दिवशी आणायची नाही. निदान दहा दिवस आधी. तुम्ही धडधाकट असताना ती तुमच्याकडे बघून शिकेल, आणि तुमच्या बायकोला तिच्या हाताची सवय होईल. ब्यूरोला "पेशंट सांभाळायचाय" एवढंच सांगाल तर भाजी निवडणारी बाई पाठवतील. "पूर्ण उठवून बसवायचं आहे, लघवीचं बघायचंय" हे स्वच्छ सांगा. महिन्यातून दोन सुट्ट्या असतात, त्या दिवशी कोण, हेही आधीच लिहून घ्या. माझं सगळं रामायण त्या दोन रविवारांत व्हायचं.

ठेवून घेणाऱ्या जागा मी दोन पाहिल्या. दोन्हीकडे बाकी सगळे ऐंशीच्या पुढचे, टीव्हीवर दिवसभर कीर्तन. ४६ वर्षांच्या बाईला तिथे सहा आठवडे? तिला विचारून बघा हो.

फिजिओ_पौडरोड | शुक्रवार, दुपारी २.४०

काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे. एमएसचे बरेच पेशंट घरी जाऊन बघते. तुम्ही विचारताय, उचलणार कोण. मी विचारते, उचलायचं कशाला? हात चालतात, बसून तोल राहतो असं दिसतंय. मग सरकवता येईल.

ट्रान्सफर बोर्ड म्हणून एक गुळगुळीत फळी मिळते, सर्जिकलच्या दुकानात किंवा सुतार करून देतो. व्हीलचेअर पलंगाला तिरकी लावायची, ब्रेक दोन्ही, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढायचा, पावलं ठेवायच्या पट्ट्या बाजूला. फळीचं एक टोक तिच्या मांडीखाली, दुसरं खुर्चीत. ती पुढे झुकते आणि थोडं थोडं सरकते. नाक गुडघ्यांच्या पुढे गेलं की मागचा भाग आपोआप हलका होतो. मदतनीस कमरेचा पट्टा धरून फक्त दिशा देतो. काखेत हात घालून कुणी ओढायचं नाही, खांदा निखळतो. यात एक गोष्ट लोक विसरतात. उघडी, ओली त्वचा फळीवर चिकटते आणि सोलवटते. आंघोळीनंतर आधी टॉवेल किंवा उशीचा अभ्रा घालायचा, मगच फळी.

पलंग आणि खुर्चीची उंची मोजा. दोन इंचांचा फरक असला तरी चढ चढवल्यासारखं होतं. बहुतेक घरांत पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले की काम होतं. होइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, भाड्याने मिळतो, पण तुमचा पलंग पेटीचा असेल तर होइस्टचे पाय पलंगाखाली जात नाहीत. पैसे देण्याआधी वाकून बघा.

आता एक प्रश्न. आंघोळीचं पाणी किती गरम असतं? एमएसमध्ये नसांवरचं आवरण विरलेलं असतं. शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी तिथून संदेश पुढे जात नाही आणि हातपाय गळतात. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. एमआरआय नव्हते तेव्हा निदानासाठी पेशंटला गरम पाण्यात बसवून बघत. गारवा मिळाला की ताकद परत येते, उष्णतेने आजार वाढत नाही. पण गरम आंघोळीनंतर नेमक्या त्याच वेळी तुम्ही तिला उचलत असाल तर ती दिवसातली सगळ्यात जड असणार. पाणी कोमट करा, आंघोळ सकाळी लवकर. पाय ताठ होत असतील आणि त्यासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर गोळीची वेळ न्यूरॉलॉजिस्टना विचारून त्याप्रमाणे जुळवून घ्या. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

हे वाचून लगेच करू नका. कुणाला तरी एकदा घरी बोलावून तिच्यासमोर, तिच्यासोबत शिका.

गिरणीवाला | शुक्रवार, रात्री १०.५०

टेप लावली. पलंग साडेसोळा इंच, खुर्चीची गादी वीस. म्हणजे इतकी वर्षं मी तिला चढच चढवतोय. पलंग पेटीचाच आहे, खाली दिवाळीचे डबे.

पाण्याचं वाचून मी पाच मिनिटं तसाच बसलो. हिला कडकडीत लागतं, वाफ निघाल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. आणि मोरीतून बाहेर काढताना ती खरंच पोत्यासारखी लागते. मला वाटायचं अंग ओलं म्हणून. एवढ्या वर्षांत हे दोन्ही जोडून बघायचं कुणाला सुचलं नाही.

निवृत्त_कारकून | शनिवार, सकाळी ९.१५

कागदपत्रांचं मी सांगतो, तो माझा प्रांत. वहिनींचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात एमएस नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आला. ४० टक्के किंवा जास्त आलं तर पुढच्या सवलती. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर होतो.

माझ्या पुतणीला पहिल्यांदा ३५ टक्के दिले. का, तर तपासणीच्या दिवशी ती भिंतीला धरून आत चालत गेली! जानेवारीची सकाळ होती, हवा गार. दुसऱ्यांदा न्यूरॉलॉजिस्टकडून ईडीएसएसचा आकडा लिहून नेला. एमएसमधलं अपंगत्व मोजायची ० ते १० अशी ती मोजपट्टी असते, शंभर मीटरला काठी लागली की ६, व्हीलचेअरवर आलं की ७. मग कुणी वाद घातला नाही.

जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या अपंग जोडीदारासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. त्याच कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख आहे. मी तो वाचलाय, माझ्या पुतणीच्या घरात आलेला पाहिला नाही. आणि कुणाचा विमा असेल तर एक. सलाईनमधून घेतलेलं औषध "ॲडमिट नव्हते" म्हणून नाकारतात. रिटुक्सिमॅब ज्या प्रकारात मोडतं ती मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांच्या यादीत घेतली आहेत. ते पत्रात लिहून पुन्हा मागा.

गिरणीवाला | शनिवार, सकाळी ९.४०

कार्ड आहे काका, ८० टक्के. वजावट घ्यायला आधी कर भरण्याइतकं उत्पन्न हवं. तेवढी दळणं आणून द्या.

खिडकीजवळची | शनिवार, संध्याकाळी ७.३०

मी स्वतः एमएसवाली. वय ३८, बिबवेवाडी, घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. एका हाताने टाइप करतेय, चुका चालवून घ्या.

दादा, तुमची पहिली पोस्ट मी तीनदा वाचली. पीठ, हनुवटी, सगळं डोळ्यासमोर आलं. तुमच्या बायकोचा हिशेब तुमच्यापेक्षा चांगला आहे हेही कळलं. आणि एवढ्या हिशेबी बाईला तुम्ही खोटी तारीख सांगून ठेवलीत.

माझ्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला. मला सांगितलं, ऑफिसच्या कामाला नाशिकला चाललोय. मेडिकलच्या बिलावरून मला कळलं. मी महिनाभर त्याच्याशी नीट बोलले नाही. त्याला वाटलं, आजाराने चिडचिड वाढली. गोळ्यांचा डोस वाढवू का म्हणून तो डॉक्टरांना विचारत होता! राग एवढाच होता हो, की मला पाय चालत नाहीत म्हणून त्याने मला घरातल्या माणसांतूनच काढून टाकलं. तेवढे दोन दिवस मी त्याची बायको नव्हते, पेशंट होते फक्त.

मदतीला येणारी बाई तुमच्या बायकोच्या अंगाला हात लावणार आहे, तुमच्या नाही. तिला निवडू द्या. मला पहिल्या बाईने न विचारता नाइटी वर केली होती, मी दिवसभर रडले. दुसरीने विचारलं, "ताई, दिवा लावू की अंधारातच करू?" ती अजून माझ्याकडे आहे.

कामाच्या दोन गोष्टी. रिटुक्सिमॅबची पुढची तारीख तुमच्या ऑपरेशनच्या आठवड्यात येत नाही ना, बघा. सलाईनला कोण नेणार? आणि नवीन बाईला सांगा, लघवीला वास, ताप, अचानक जास्त अशक्तपणा असं काही दिसलं तर तपासणी. आमच्यात नुसत्या लघवीच्या संसर्गाने झटका आल्यासारखं होतं आणि घरचे घाबरून स्टेरॉइडच्या मागे लागतात.

एमएस सोसायटीची पुणे शाखा आहे, तिथे नाव नोंदवलंत का? संस्था १९८५ पासूनची आहे. मी आधी जात नव्हते, इतरांकडे बघून आपलं पुढचं दिसेल अशी भीती वाटायची. ३० मेला जागतिक एमएस दिन असतो, मैत्रिणीने ओढून नेलं. तिथे एक काकू व्हीलचेअरवरून नवऱ्याला झापत होत्या, चहात साखर कमी म्हणून. मला फार बरं वाटलं.

आत्या५८ | शनिवार, रात्री ८.१०

खिडकीताई, नाशिकच्या नवऱ्याला माझ्याकडे पाठवा.

गिरणीवाला | जुलै, रविवार, दुपारी १.३०

गिरणी १ ते ४ बंद, म्हणून आता लिहितो. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं.

सांगितलं तिला, त्याच रात्री. आधी काहीच बोलली नाही. मग वही मागितली. मला वाटलं, काहीतरी लिहून दाखवणार. तिने मे महिन्याची दळणं काढली. "वाळवणाचा सीझन सोडायचा नाही. कुरडयांचा गहू, पापडांची डाळ, आठ-नऊ जूनपर्यंत गर्दी. ऑपरेशन बारा तारखेला. श्रावणात भाजणी सुरू व्हायच्या आत तुम्ही उभे." सर्जनने दिलेली तारीख तिने बदलली. सर्जनना चालली, गाठ आत जातेय तोवर महिनाभराने फरक नाही म्हणाले. आत्याबाईंची ती उलटीची सूचना तिने फळ्यावर खडूने लिहून ठेवली, "आज बेसन दळणार नाही" च्या खाली. गिऱ्हाइकं वाचून माझ्या पोटाकडे बघायची.

बाई तिने निवडली. तीन आल्या. ही व्हीलचेअरवर, गिरणीच्या दारात, मांडीवर वही. प्रत्येकीला सांगितलं, "तो गव्हाचा डबा त्या कट्ट्यावर ठेवून दाखवा." एकीने कमरेत वाकून झटका मारला, ती नापास. एकीने नवऱ्याला फोन लावला. तिसरीने गुडघे वाकवले, डबा पोटाशी धरला, ठेवला, आणि विचारलं, "तुम्हाला पण असंच का?" त्याच मावशी. दहा दिवस आधीपासून आल्या. फिजिओताईंसारख्याच एक बाई दोनदा येऊन फळीचं शिकवून गेल्या. पलंगाखाली साडेतीन इंचांचे ठोकळे. कोमट पाण्यावर मात्र तीन दिवस भांडण. शेवटी तह झाला: अंगावर कोमट, पण शेवटचे दोन तांबे पाठीवर तिच्या मनासारखे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मावशी खुर्चीचा डावा ब्रेक लावायला विसरल्या. ही फळीवर अर्ध्यात होती, खुर्ची मागे सरकली आणि ती हळूहळू खाली बसत गेली, अगदी सावकाश, जसं पोतं कलंडतं. मी चार फुटांवर. दोन्ही हात पुढे गेले आणि ही जमिनीवरून ओरडली, "हात मागे!" मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो, शाळेत शिक्षा केल्यासारखा. मुलगी समोरच्या इस्त्रीवाल्याला घेऊन आली. तोवर सात मिनिटं ती फरशीवर बसून मावशींना धीर देत होती, कारण त्या रडायला लागल्या होत्या. लागलं काही नाही, मांडीवर एक काळा डाग. आता ब्रेकच्या दांड्यांना मुलीने लाल रिबिनी बांधल्यात.

पैशांचं विचाराल तर, ४१ हजार गेले बाईंचे सगळे मिळून. गिरणीला पोरगा ठेवला त्याचे वेगळे. एक भिशी मोडली.

परवा सहा आठवडे पुरे झाले. सर्जन म्हणाले, आता उचला, पण बेताने. घरी येऊन मी हिला आनंदाने सांगितलं, उद्यापासून मी आहे. ती म्हणाली, "अहो, मावशींना महिनाअखेरपर्यंत राहू दे. तुमच्यापेक्षा बऱ्या बसवतात."